मामा, हे कशावरून?

"इंजिन धरलंय. ऑइल नव्हतं. तुम्ही पोरं गाडी नुसती पळवताय."

तीन वाक्यं. पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. टेम्पोतून उतरवलेल्या गाडीची किक फाट्यावरच्या गॅरेजवाल्या मामांनी एकदा पायाने दाबून बघितली, ती खाली गेली नाही, आणि निकाल जाहीर! अहो, ओरलला एक्स्टर्नलसुद्धा नापास करायच्या आधी निदान नाव तरी विचारतात.

निकाल असा होता: बोअर-पिस्टन नवीन, क्रँक नवीन, हेडचं काम, वर लेबर. सगळं मिळून साडेनऊ हजार. याशिवाय एक कलम मामांनी उच्चारलं नाही, पण माझ्या रूमपार्टनरच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. गाडी त्याची, 'पळवणारा' मी, तेव्हा पैसे कोणाचे? साडेनऊ हजार म्हणजे मेसची किती महिन्यांची बिलं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

तर झालं असं होतं. जुलैत दोन दिवस सुट्टी जोडून आली म्हणून मी पार्टनरची १०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी घेऊन देवरुखला घरी गेलो. येताना मागे मामेभाऊ आणि दोघांच्या मध्ये आईने दिलेली तांदळाची पिशवी. साखरपा सोडलं आणि आंबा घाट चढायला लागलो. घाट संपत आला तेव्हा गाडीची ओढ कमी झाल्यासारखी वाटली, वरच्या बाजूने टिकटिक आवाज यायला लागला आणि थोडा जळका वासही आला. मी मनाशी म्हटलं, ओझं आहे, चालायचंच. आंबा गाव मागे पडलं, सपाट रस्ता लागला, मलकापूरच्या दिशेने पंचावन्न-साठने चाललो होतो आणि एकदम खर्रर्र! मागचं चाक घासत गेलं. हाताने आपोआप क्लच दाबला, तशी गाडी मोकळी झाली आणि घरंगळत कडेला उभी राहिली. त्यानंतर किक दगडासारखी घट्ट.

हा क्लचचा तपशील लक्षात ठेवा मित्रहो, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता परत मामांच्या तीन वाक्यांकडे. ती एका दमात म्हटली म्हणून आपल्याला एकच गोष्ट वाटते, पण त्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 'इंजिन धरलंय' हे निरीक्षण झालं, ते तपासता येतं. 'ऑइल नव्हतं' हे कारण झालं, त्याला पुरावा लागतो. आणि 'तुम्ही पोरं पळवताय' हा तर सरळ आरोप झाला! पहिलं वाक्य खरं निघालं की आपण पुढची दोन न तपासता मान्य करून टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तिन्ही ठिकाणी थांबून 'कशावरून?' असं विचारायला पाहिजे. आणि ते मेकॅनिकलच्या पोराने विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

विचारायला मात्र जीभ रेटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी टी.ई. मेकॅनिकल. आय.सी. इंजिनला बासष्ट मार्क. डोळे मिटून ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम काढून देतो. पण मामांच्या हातातला पाना आणि कपड्यावरचं तीस वर्षांचं ग्रीस बघितलं की सगळी सायकल पंक्चर होते. रात्री हॉस्टेलवर चर्चा झाली (ती होणारच, दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं!) त्यात दोन पक्ष पडले. एक म्हणे, मामा सांगतायत ना, मग तसंच असणार, अनुभवापुढे पुस्तक कशाला. दुसरा म्हणे, लुटतोय रे तो, गाडी दुसऱ्या गॅरेजला ने. दोन्ही पक्ष पहाटे दोनपर्यंत तावातावाने भांडले. त्यांच्यातल्या एकानेही इंजिन बघितलेलं नव्हतं. मामांवर भक्ती करा नाहीतर संशय घ्या, त्यांच्या बोलण्याची तपासणी मात्र दोन्हीत होत नाही.

सकाळी गॅरेजवर गेलो आणि धीर करून म्हटलं, "मामा, राग मानू नका, पण इंजिनच धरलंय हे कशावरून?"

राग आलाच. "मग काय माझ्यावरून?" बाकड्यावर बसलेली दोन गिऱ्हाईकं हसली.

इथे मी माझी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, पावसातून आलोय, एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि इंजिन जाम झाल्यासारखं वाटतं. प्लग काढून किक मारली की पाणी बाहेर उडतं आणि इंजिन मोकळं होतं, नऊ हजार वाचतात. हे सगळं खरं आहे, पूर आलेल्या गावांत असं होतं. मामांनी एक शब्द न बोलता प्लग काढला आणि किकवर उभे राहिले. किक हलली नाही. थेंबही उडाला नाही.

"इंजिनियरसाहेब, पाणी कुठाय?"

बाकड्यावरचे आता मोकळेपणाने हसले. माझा अंदाज साफ चुकला होता. पण एक गंमत झाली. प्लग निघालाच होता, तेव्हा मला गप्प करायला म्हणून मामांनी डावीकडचं कव्हर उघडलं, मॅग्नेटच्या नटाला टी-पाना लावला आणि म्हणाले, "घे, फिरीव तूच." कॉम्प्रेशन नाही, किकची भानगड नाही, थेट क्रँक फिरवायचा. मी सगळा जोर लावला. ढिम्म हललं नाही. मग मी त्यांना घाटातला प्रसंग सांगितला: चाक अडकलं, क्लच दाबला, चाक सुटलं. म्हणजे गिअरबॉक्स मोकळा होता. मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मग क्लचच्या अलीकडंच हाय दुखणं. हे काल का न्हाई सांगितलं?"

काल त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. चूक अर्धी-अर्धी.

पहिलं वाक्य असं सिद्ध झालं. मामा बरोबर होते. आता दुसरं. मी विनंती केली की इंजिन खोलायच्या आधी ऑइल काढून मोजू या. या गाडीत ऑइल एक लिटरच्या आसपास बसतं. ट्रेमध्ये काढलं आणि पाण्याच्या कापलेल्या बाटलीने मोजलं तर सातशे मिलीच्या वर भरलं. रंग काजळासारखा, पण होतं! "कमीच हाय की," मामा म्हणाले. खरं होतं, कमीच होतं. पण 'कमी' आणि 'नव्हतं' यांत फरक आहे, आणि पैसे कोणी द्यायचे हे नेमकं त्या फरकावर ठरणार होतं.

इथे थोडं गणित, सहन करा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची लायनर बिडाची. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, बीड सुमारे ११. पिस्टनचा व्यास ५० मिमी धरा. दोन्हींचं तापमान नेहमीपेक्षा १०० अंशांनी वाढलं तर पिस्टन ०.११५ मिमीने फुगतो आणि बोअर फक्त ०.०५५ ने. म्हणजे ०.०६ मिमी जागा गेली. नव्या इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यातली फटच मुळी मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. शिवाय बोअरला बाहेरून वारा लागतो आणि पिस्टनला लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते. ती फट आणि तिच्यातला तेलाचा पापुद्रा, एवढ्यावरच सगळा संसार चालू असतो. तापमान का वाढलं, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा. तेल नसलं तर वाढेलच, पण कार्ब्युरेटरमधून मिश्रण पातळ येत असलं, कूलिंग फिन्समध्ये चिखल भरला असला किंवा तेल असूनही ते पोचत नसलं, तरी वाढतं. पिस्टन शेवटी सगळ्यात सारखाच अडकतो. मामांचं 'ऑइल नव्हतं' हे माझ्या मते टू-स्ट्रोकच्या काळातून आलेलं वाक्य असावं. सरांच्या पिढीतल्या आरएक्स-१०० वाल्यांना आठवत असेल, तिथे तेल पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि संपलं की इंजिन धरायचं. फोर-स्ट्रोकमध्ये तेच तेल फिरत राहतं, त्यामुळे ते फिरलं का, हा प्रश्न वाढतो.

हेड उघडलं. आणि इथून पुढे मी शिकत गेलो, हे कबूल केलं पाहिजे. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे, ॲल्युमिनियम वितळून बोअरला चिकटलेलं. मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो, पण मामांनी पिस्टन बाजूला ठेवून कॅमशाफ्ट उचलला. त्याच्या लोबवर निळसर झाक होती आणि रॉकरच्या तोंडाला खड्डे पडले होते. "हे बघ. तेल जाळीतनं पंपाकडं, पंपाकडनं वर. कॅम लई शेवटी. वरपातूर तेल पोचलंच न्हाई, म्हणून हे भाजलं. टिकटिक आवाज आला आसंल बघ." आलाच होता! घाटात मी ऐकलेली ती टिकटिक मामांनी न ऐकता सांगितली. अनुभव म्हणतात तो हाच, आणि तो बासष्ट मार्कांत येत नाही.

मग मी जो प्रश्न विचारला तो त्या दिवसातला माझा एकमेव कामाचा प्रश्न होता. "मामा, खाली सातशे मिली होतं आणि वर थेंब नाही. मध्ये काय झालं?"

मामांनी तंबाखू मळायला घेतली. बराच वेळ मळली. मग काही न बोलता उजव्या बाजूचं क्लच कव्हर खोलायला बसले. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. पंपाच्या आधी तारेची एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या वाटीत घाण बसते. जाळी ओढून काढली तर तिच्यावर राखाडी रबरासारखे तुकडे चिकटून बसलेले, निम्म्याहून जास्त भोकं बंद! गॅस्केट गळू नये म्हणून जी सिलिकॉनची पेस्ट लावतात तिचे ते तुकडे. जास्त लावली की कव्हर आवळताना आतल्या बाजूला येते, वाळते, तुटते आणि तेलाबरोबर जाळीवर येऊन बसते. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना अर्ध्या जाळीवर भागत असेल. घाटात, डबल सीट आणि तांदळासकट भागलं नाही. आणि अशा गाड्यांना तेलाच्या दाबाचा दिवा नसतो, तेव्हा गाडी आपल्याला सांगणार कशी? आवाजाने आणि वासाने. ते तिने सांगितलं होतं.

"ही पेस्ट माझी न्हवं," मामा लगेच म्हणाले. "मी काळी वापरतो." तेव्हा आमच्या पार्टनरला अचानक आठवलं की गेल्या दिवाळीत गावाकडे क्लच प्लेटा बदलल्या होत्या. म्हणजे दोषी दीडशे किलोमीटरवर, सुखरूप. पण मग मामाच हळूच म्हणाले, "मार्चात किकची स्प्रिंग मीच बदलली. तवा कव्हर खोललं हुतं. जाळी बघायला पायजे हुती." हे वाक्य म्हणायची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. त्या एका वाक्यासाठी मला मामांबद्दल जो आदर वाटला, तो आदल्या दिवशीच्या तीन वाक्यांनी वाटला नव्हता.

रॉबर्ट पिर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ चं पुस्तक हॉस्टेलवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतं. बहुतेक जण तत्त्वज्ञान सुरू झालं की सोडून देतात, पण सुरुवातीचा एक किस्सा जरूर वाचा. त्याचंही इंजिन धरतं, गॅरेजवाली पोरं गाणी ऐकत ऐकत इंजिनाची वाट लावतात, आणि शेवटी कारण निघतं तेल नेणाऱ्या यंत्रणेतली पंचवीस सेंटची एक तुटलेली पिन. आमच्या राखाडी तुकड्यांची किंमत तेवढीही नसेल.

आता कोणी म्हणेल, एवढं करून मिळवलं काय? बोअर-पिस्टन बदलावाच लागला, कॅम आणि रॉकरही. क्रँक मात्र वाचला. नवीन क्रँक कशावरून, असं विचारल्यावर मामांनी कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवून दाखवला. बाजूला थोडा हलतो तो हलायलाच पाहिजे, पण वर-खाली अजिबात प्ले नव्हता. "ऱ्हाऊ दे मग, धुऊन घेऊ," मामा म्हणाले. बिल सहा हजार दोनशे झालं, म्हणजे तीन हजार तीनशे वाचले. पण मला ते तीन हजार फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. समजा मी काही न विचारता साडेनऊ हजार दिले असते. नवा पिस्टन, नवा क्रँक, नवीन ऑइल, आणि खाली जाळी तशीच! पुढच्या घाटात तोच प्रकार झाला असता आणि मामा म्हणाले असते, "बघा, परत पळवली."

मामांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. आपण गॅरेजमध्ये पैसे कशाचे देतो? पार्टचे आणि बसवण्याचे. शोधण्याचे कोणी देतं का? डॉक्टरांना नुसतं तपासायची फी देतो, पण मेकॅनिकने तासभर खोलून 'काही झालं नाही, जा' असं सांगितलं तर आपण हात हलवत निघतो. मग तो किक दाबून पाच सेकंदांत निकाल देणार नाही तर काय करणार? बाहेर सहा गाड्या उभ्या असतात. म्हणून माझं मत असं की इंजिनाचं मोठं काम असेल तर आधीच सांगावं: मामा, खोलून दाखवायचे वेगळे तीनशे घ्या, काम तुमच्याकडेच करतो, जुने पार्ट मात्र मला द्या. यात अपमान कोणाचाच नाही.

आणि थोडं आपल्या लॅबबद्दल, सरांची माफी मागून. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमध्ये लाल-पिवळ्या रंगात रंगवलेलं कट-सेक्शन इंजिन आहे. हँडल फिरवलं की पिस्टन लोण्यासारखा वर-खाली होतो. त्याला कधी तेल लागलं नाही, ते कधी तापलं नाही, कधी धरलं नाही. इंजिन चालतं कसं हे आपण चार वर्षं त्याच्यावर शिकतो, आणि बंद का पडलं हे शिकायला फाट्यावर जावं लागतं. एका कपाटात मेलेले पार्ट ठेवले तर? धरलेला पिस्टन, भाजलेला कॅम, वाकलेला व्हॉल्व्ह, बुजलेली जाळी. भंगाराच्या भावात मिळतील. प्रॅक्टिकलला त्यातला एक हातात द्यायचा आणि विचारायचं, हा कशाने गेला, कशावरून? उत्तर जर्नलमधून उतरवता येणार नाही, ही अडचण आहे खरी.

तिसऱ्या वाक्याचं राहिलंच. पळवली का? साठच्या वर गेलो नाही, ही शप्पथ. पण टिकटिक ऐकून आणि वास येऊनही मी आठ-दहा किलोमीटर तसाच चालवत आलो, हे बाकड्यावरच्यांसमोर मला सांगावं लागलं. घाटमाथ्यावर थांबलो असतो तर कदाचित पिस्टन वाचला असता. जाळी माझ्यामुळे बुजली नाही, ऑइल वेळेवर न बदलणं पार्टनरचं, पण ते आठ-दहा किलोमीटर माझे. मामांनी लेबरमधले पाचशे आपण होऊन सोडले, पार्टनरने तीन हजार दिले, मी दोन हजार सातशे. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी घरच्या तांदळाचा भात झाला तेव्हा बोलला.

धरलेला पिस्टन महिनाभर आमच्या खिडकीत पेनस्टँड म्हणून उभा होता. परवा मामांनी तो परत मागून नेला. दुसरं एक गिऱ्हाईक आलंय म्हणे, ऑइल भरपूर असताना इंजिन धरेलच कसं असं विचारत बसलंय, त्याला दाखवायला पाहिजे.